पाच बॉल येतात, आता रस्त्यावर उतरू का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तीन वर्षं जगलिंग करताय, पाच बॉल मिनिटभर पडत नाहीत, तीन पेटते पलिते जमतात, उंच एकचाकी सायकलवर चढता येतं. नोकरी सोडून देशोदेशी फिरत रस्त्यावर खेळ करायचे आहेत. यावर पोट भरतं का? आणि उतरण्याआधी सात बॉल शिकून घ्यावेत का?

उतरा. नोकरी मात्र एवढ्यात सोडू नका, आणि सात बॉलचा नाद तर मुळीच नको.

मी हे काम २२ वर्षं करतेय. पहिली ९ वर्षं निव्वळ टोपीवर, म्हणजे बघणारे टोपीत टाकतील तेवढ्यावर काढली, नंतर टोपी आणि मानधनाची कामं अशी सरमिसळ. माझ्यापेक्षा कितीतरी तयार हातांची माणसं दोन उन्हाळ्यांत कंटाळून परत गेलेली पाहिली आहेत. आणि तीन बॉलच्या पुढे कधी न गेलेला, पण तोंडाचा तिखट असा एक जण त्याच टोपीवर दोन मुलांची शिक्षणं करून मोकळा झाला. फरक कुठे पडतो ते सांगतेच, आधी सातचं गणित संपवू.

जगलिंगचं एक सूत्र आहे, आणि ते क्लॉड शॅननने मांडलं. संदेशवहनाचं गणित रचणारा तोच तो. स्वतः जगलिंग करायचा, बेल लॅब्ज या संशोधन संस्थेच्या व्हरांड्यांतून एकचाकीवर फिरायचा, म्हणजे आपल्याच जातकुळीतला. सूत्र असं: बॉल हवेत असतो तो वेळ अधिक हातात असतो तो वेळ, याला हातांच्या संख्येने गुणा. दुसऱ्या बाजूला हात रिकामा असतो तो वेळ अधिक बॉल हातात असतो तो वेळ, याला बॉलच्या संख्येने गुणा. दोन्ही बाजू सारख्याच येतात. आता बॉल हातात ०.३ सेकंद राहतो आणि हात ०.१५ सेकंद रिकामा असतो असं धरा. तीन बॉलमध्ये प्रत्येक बॉल साधारण ०.३८ सेकंद हवेत राहिला की काम भागतं, म्हणजे हाताच्या वर जेमतेम १७ सेंटिमीटर. पाच बॉलना ०.८३ सेकंद लागतात, उंची ८३ सेंटिमीटर. सात बॉलना १.२८ सेकंद, आणि उंची जवळजवळ २ मीटर! वेळ वाढतो त्याच्या वर्गाने उंची वाढते, म्हणून तिनाच्या मानाने सातला साडेअकरा पट फेकावं लागतं. घरात बसून हे करता येतं. चौकात, जिथे दोन इमारतींच्या फटीतून वारा येतो, तिथे हाताच्या वर दोन मीटर गेलेला बॉल परत कुठे येईल हे वाराच ठरवतो.

शिवाय लोकांना कळत नाही. हलत्या वस्तू माणूस एका नजरेत चारपर्यंत मोजतो, त्यापुढे सगळं 'खूप'. पाच म्हणजे खूप, सात म्हणजेही खूप. इटालियन जगलर एन्रिको रास्तेल्ली दहा बॉल करायचा, १९३१ मध्ये वयाच्या अवघ्या ३४ व्या वर्षी गेला, आणि जगलर मंडळी आजही त्याचं नाव घेताना आवाज खाली आणतात. पण रास्तेल्ली नाटकगृहात करायचा. लोक तिकीट काढून, आपापल्या खुर्चीत बसून, दिवे मंद होण्याची वाट बघत असायचे. तुमच्यासमोरचा माणूस बँकेत निघालाय.

१२ जानेवारी २००७ रोजी जोशुआ बेल हा नामांकित व्हायोलिनवादक वॉशिंग्टनच्या मेट्रो स्थानकात साधी टोपी घालून ४३ मिनिटं वाजवत उभा होता. एका वर्तमानपत्राने केलेला प्रयोग होता तो. समोरून १,०९७ माणसं गेली, थांबून ऐकणारी ७. जमले ३२ डॉलर आणि थोडी चिल्लर. लोकांना सौंदर्याची कदर राहिली नाही, असे उसासे त्यावर पुष्कळ टाकले गेले. मला तो लेख वाचून हसू आलं होतं. सकाळची कचेरी गाठायची वेळ, दाराजवळची जागा, जिथे थांबलं की मागच्याचा धक्का बसतो, आणि वादकाने कोणाला थांबवायचा प्रयत्नही केला नाही! कोणत्याही नवशिक्या रस्त्यावरच्या कलावंताला विचारलं असतं तरी त्याने सांगितलं असतं, दुपारी तीनला पलीकडच्या चौकात उभे राहा. बेलच्या वाजवण्यात काहीच कमी नव्हतं. त्याचं जे राहिलं तेच तुमचंही राहिलंय: घोळका जमवणं. ते कोणी वर्गात शिकवत नाही.

मी कशी जमवते ते सांगते. अकरा-साडेअकरा वाजलेत. चौकात माणसं आहेत, पण प्रत्येक जण आपापल्या वाटेने. मी पेटी एका जागी ठेवते, आणि पिशवीतून पांढरी सुती दोरी काढून फरशीवर मांडायला लागते. सावकाश, अगदी आरतीचं ताट मांडावं तशी. चार पावलं मागे जाते, मान तिरकी करून बघते, परत येऊन टोक वीतभर सरकवते. एक शब्द बोलत नाही. दोन माणसांची चाल मंदावते. मग कोणीतरी सहा-सात वर्षांचं पोर थांबतं. मी त्याच्याकडे बघत नाही, बघते दोरीकडे. दोरीचं टोक हळूहळू त्याच्या बुटांच्या समोर आणून ठेवते. ते बुटांकडे बघतं, माझ्याकडे बघतं, पाय अर्धा इंच मागे घेतं. मी दोरी अर्धा इंच पुढे घेते. पुन्हा पाय मागे, पुन्हा दोरी पुढे. तिसऱ्या वेळी त्याची आई हसते, आणि मागून 'हे काय चाललंय' म्हणून चार डोकी डोकावतात. झाले सात प्रेक्षक. अजून मी एकही बॉल बाहेर काढलेला नाही.

या सात जणांना मी लगेच टाळ्या वाजवायला लावते, उगीचच, कशासाठीही. कोपऱ्यापलीकडच्या माणसाला मी दिसत नाही, टाळ्या ऐकू येतात. माणूस खेळ बघायला येत नाही, गर्दी बघायला येतो. गर्दीला मात्र खेळ दाखवावा लागतो. त्यानंतरची माझी सगळी खटपट एकाच गोष्टीसाठी असते, लोकांना दोरीपर्यंत पुढे आणणं. दहा फुटांवर हाताची घडी घालून उभा असलेला गृहस्थ अजून प्रेक्षक झालेला नाही, तो कधीही सुटू शकतो. तोच दोरीला बूट टेकवून उभा राहिला आणि मागे दोन रांगा लागल्या की त्याला निघायचं तर माफी मागत निघावं लागतं. पुढे मुलं बसवायची. मुलं बसली की आई-बाप बांधले गेले.

रिंगण किती मोठं असावं हा प्रश्न मी तुमच्याकडून अपेक्षित धरला होता, तुम्ही विचारलाच नाहीत. विचारायला हवा होता, कारण टोपी तिथे ठरते. मी मध्यापासून चार मीटर धरते. पूर्ण वर्तुळाचा परीघ २५ मीटर होतो, माणसाला अर्धा मीटर जागा लागते, म्हणजे पहिल्या रांगेत ५० जण. मागच्या रांगा वाढत जातात. चार रांगांत अडीचशेच्या घरात माणूस मावतो. माझ्या पाठीमागे मी लोक घेत नाही, त्यामुळे प्रत्यक्षात अर्ध्यापेक्षा थोडे जास्त. नवशिके काय करतात? मोठं रिंगण दिसायला भारी दिसतं म्हणून सात-आठ मीटर आखतात. मग तीस माणसं अशी विखुरतात की प्रत्येकाला आपण एकटेच थांबलोय असं वाटतं. आणि अंतर दुप्पट झालं की उघड्यावर आवाजाची पातळी ६ डेसिबलने उतरते, तुम्ही ओरडायला लागता, आठवड्यात घसा बसतो. आधी लहान आखा. लोक वाढले की दोरी मागे सरकवता येते. आलेल्या माणसांना पुढे बोलावणं जास्त कष्टाचं.

दोन इमारतींवर खेळणारा फिलिप पेती माहीत असेलच. ७ ऑगस्ट १९७४ ला न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या दोन मनोऱ्यांमध्ये चारशे मीटरवर तार बांधून चालला तो. त्याआधी तो पॅरिसच्या रस्त्यांवर जगलिंग करून टोपी फिरवायचा. तोंडातून शब्द न काढता, फरशीवर खडूने वर्तुळ आखून. वर्तुळाच्या आत कोणी पाय टाकायचा नाही. मोरोक्कोतल्या माराकेशच्या जेमा अल-फना चौकात कथेकऱ्यांचा आणि कसरतपटूंचा जो घोळका बसतो त्याला 'हल्का' म्हणतात, त्याचा अर्थही वर्तुळच. जिथे जाल तिथे रिंगण आधी आहे, करामत नंतर.

सूर्याचं एक लक्षात ठेवा. उंच फेकणार असाल तर ऊन तोंडावर नको, आणि पाठीवर घेतलं तर ते प्रेक्षकांच्या डोळ्यांत जातं. डोळे बारीक करून माणूस पाच मिनिटं थांबेल, चाळीस नाही. ऊन कडेला घ्या. सावली असली तर ती लोकांना द्या, आपण उन्हात राहा. अमेरिकेत की वेस्टला मॅलरी स्क्वेअरवर सूर्यास्त बघायला लोक जमतात, त्यांच्यावरच तिथले कलावंत खेळतात. सगळ्यांची वेळ सूर्य ठरवतो, त्याच्याशी वाद नाही.

आता खेळाची बांधणी. माझा खेळ चाळीस मिनिटांचा. पहिली दहा घोळका जमण्यात जातात. मग पंधराएक मिनिटं तीन बॉल, तीन क्लब (म्हणजे फेकायचे बाटलीच्या आकाराचे दांडके), थोडी बडबड. तुमचे पाच बॉल इथे, मधोमध, वीस सेकंद. हो, वीसच! त्यानंतर प्रेक्षकांतून एकाला आत घेणं. त्यानंतर एकचाकी आणि पलिते, आणि टोपी त्या शेवटच्या डावाच्या आधी. नंतर नाही. शेवटची टाळी संपली की लोकांची पाठ वळायला तीन सेकंद लागतात, त्या तीन सेकंदांत तुम्ही पैशाबद्दल काय बोलणार? म्हणून एकचाकीवर चढायचं, मागच्या रांगेलाही दिसू लागायचं, आणि डाव अर्धवट असताना टोपीचं बोलायचं. वर लटकलेल्या माणसाला सोडून जायला लोकांना जड जातं.

याच जागी मी एकदा फजिती करून घेतली होती. नाट्य वाढावं म्हणून पलिते आधी पेटवून घेतले आणि मग बोलायला लागले. बोलणं रंगलं, लोक हसत होते, मी अजून रंगवलं. पलिता तीन-चार मिनिटं जळतो. तिसऱ्या विनोदाला पहिला विझला, चौथ्याला दुसरा. हातात दोन काळ्या काठ्या आणि एक मिणमिणता दिवा घेऊन मी एकचाकीवर डुलतेय, असं ते दृश्य. खाली उतरून परत पेटवायला घेतले तेवढ्यात अर्धा घोळका पांगला. तेव्हापासून आधी बोलते, मग पेटवते.

टोपीच्या भाषणात रडगाणं नको. 'यावरच माझं पोट आहे' हे वाक्य मला ऐकवत नाही, लोकांनाही नाही. साधं, हसत आणि नेमकं बोला: खेळ आवडला असेल तर नोट टाका, परवडत नसेल तर हात मिळवून जा, मुलांना मोफत बघू दे. आकडा तुम्ही नाही सांगितलात तर लोक खिशातली चिल्लर चाचपतात. सांगितलात तर त्या आकड्याच्या आसपास टाकतात, कोणी रागावत नाही. मी एक वही ठेवते: तारीख, जागा, हवा, माणसं किती, टोपी किती. वही सांगते की माझ्या दोनशे माणसांत सत्तर-ऐंशी हात टोपीत येतात, आणि तो आकडा त्या दिवशी किती बॉल पडले यावर अजिबात हलत नाही. पडलेल्या बॉलवर एक तयार विनोद ठेवा, म्हणजे झालं.

पैसे गोळा करायला मी रिंगणात हिंडत नाही. मध्ये उभी राहते, टोपी पोटाशी, आणि येणाऱ्या प्रत्येकाच्या डोळ्यांत बघून आभार मानते. कार्ड टेकवून पैसे देण्याचं यंत्र आता लागतंच, कारण खिशात नोट नसणारे निम्मे. पण एकच यंत्र असलं तर चार माणसांची रांग लागते, आणि पाचवा रांग बघून निघून जातो. दोन ठेवा, रक्कम आधीच भरून ठेवा, आणि एक यंत्र टोपीपासून हातभर लांब.

प्रेक्षकांतून कोणाला आत घ्यायचं? सगळ्यात मोठ्याने हसणारा घेऊ नका, तो खेळ ताब्यात घेतो. दारूचा वास आला तर नाहीच. खांद्यावर हात टाकायचा, कमरेला धरायचा प्रसंग माझ्यावर चार-पाचदा आला. मी हसून दोन पावलं मागे जाते, 'यांच्यासाठी टाळ्या' म्हणते आणि त्यांना परत जागेवर पोचवते. लोकांसमोर मानाने बाहेर काढलेला माणूस भांडत नाही. जो गालातल्या गालात हसतोय, बायको त्याला कोपराने ढोसतेय, तो आपला. लहान मूल असेल तर आई-बापाकडे आधी बघायचं, मान हलली तरच. आणि ज्याला आत घेतलं त्याला खेळ संपेपर्यंत हीरो करायचं. त्याची टिंगल करून हशा मिळतो, टोपी मिळत नाही. ज्याची केली तो आणि त्याच्यासोबतचे सहा जण देत नाहीत.

आगीबद्दल जरा कडक बोलते. पलिते फेकणं एक आणि तोंडातून ज्वाळा फुंकणं वेगळं. दुसरं मी करत नाही, तुम्हीही सुरू करू नका. तोंडात घेतलेलं इंधन थोडं जरी श्वासातून फुप्फुसात गेलं तरी रासायनिक न्यूमोनिया होतो. डॉक्टरांकडे त्याला 'आग गिळणाऱ्याचं फुप्फुस' असं नावच आहे, म्हणजे किती जणांनी ते करून घेतलं असेल बघा. पलित्यांना पेट्रोल कधीही नाही. त्याची वाफ शून्याखाली चाळीस अंशांनाही पेट घेते. रॉकेलला साधारण ३८ अंशांच्या वर जावं लागतं, तेवढी उसंत तुमच्या बोटांना हवी असते. इंधनाचा डबा झाकण लावून रिंगणाबाहेर, ओलं जाड सुती फडकं हाताशी, आणि ते धरून उभा राहणारा एक माणूस. माणूस नसेल त्या दिवशी आग नाही. अंगावर नायलॉनचे कपडेही नकोत.

फिरतीचं आयुष्य हा तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग. यात खेळ रोज दोन-तीन तासांचा. उरलेला दिवस वाट बघण्यात जातो, पाळीची, पावसाची, बसची. लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये सॅम्युअल पीप्सने ९ मे १६६२ रोजी कळसूत्री बाहुल्यांचा खेळ पाहिल्याची नोंद त्याच्या रोजनिशीत आहे; आजही तिथे कलावंत सकाळी जमून चिठ्ठ्या टाकतात आणि पाळ्या ठरवतात. स्कॉटलंडमध्ये एडिनबरोला ऑगस्टमध्ये फ्रिंज नावाचा कलामहोत्सव भरतो, तिथेही तसंच. ती फ्रिंज सुरू कशी झाली माहीत आहे? १९४७ साली मुख्य महोत्सवाचं आमंत्रण नसलेल्या आठ नाटक मंडळ्या आपणहून येऊन कडेकडेने खेळ करायला लागल्या. न बोलावता आलेल्यांचाच वारसा आहे आपला. तर चिठ्ठीत सकाळी दहाची पाळी निघाली की चौक ओस, आणि चारची निघाली की सोन्याची. नवख्याने कुरकूर करायची नाही. आधीच्याचं रिंगण मोडेपर्यंत आपली पेटी उघडायची नाही, त्याची टोपी चालू असताना कडेला आवाज करायचा नाही, आणि संपल्यावर जागा झाडून द्यायची. हे नियम कुठे लिहिलेले नसतात. मोडले की पुढच्या गावातही कळलेलं असतं.

परदेशी जाणार असाल तर परवाना आणि व्हिसा दोन्ही आधी बघा. पर्यटक म्हणून गेलात आणि टोपी फिरवलीत तर बहुतेक देशांत ते काम समजलं जातं. महोत्सवाचं रीतसर आमंत्रण हातात असणं बरं. जबाबदारीचा विमा काढा. सुटलेला क्लब कोणाच्या चष्म्यावर बसला तर तुमचा अख्खा हंगाम त्यात जाईल. चेक-इन सामानाला बऱ्याच विमान कंपन्या २३ किलो देतात, आणि उंच एकचाकी सुटी करूनही त्यातले निम्मे खाते. इंधन विमानात नाहीच, आणि पलित्यांना त्याचा वास राहिला तर तेही काढून घेतात, म्हणून वाती नव्या बसवून न्या. लाउडस्पीकरची जादा लिथियम बॅटरी सामानात टाकू नका, ती केबिनमध्येच लागते. १०० वॅट-तासांच्या आत असेल तर सहसा प्रश्न येत नाही, त्यावर १६० पर्यंत विमान कंपनीची परवानगी. क्लबचं मात्र उलटं, ते चेक-इन सामानातच टाका. हातातल्या बॅगेत दिसले की तपासणीवाला ते दांडके समजतो.

नाणी त्या देशातच खर्च करा किंवा नोटांत बदलून घ्या. सीमेपलीकडे नोटा बदलून देतात, नाणी सहसा कोणी घेत नाही. माझ्याकडे कपाटात एक डबा आहे, उचलला की खांदा दुखतो आणि किंमत शून्य.

कमाई वर्षभर सारखी नसते. माझी दोन तृतीयांश कमाई चार महिन्यांत होते. पाऊस लागला की टोपी शून्य, खोलीचं भाडं चालू. म्हणून नोकरी सोडू नका म्हटलं. निदान सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा, आणि पहिला हंगाम रजा काढून करा. एकटेपणा आहे, त्याची सवय होते किंवा होत नाही, त्याबद्दल मी काही सांगू शकत नाही.

टोपी आणि मानधन यांतलं निवडायचं झालं तर दोन्ही ठेवा. रंगमंचावरच्या संमिश्र कार्यक्रमात तुम्हाला सात-आठ मिनिटं मिळतात, पर्यटकांच्या जहाजावर पंचेचाळीस. रस्त्यावरचे चाळीस तसेच्या तसे उचलून तिथे चालत नाहीत, कारण पहिली दहा मिनिटं घोळका जमवायची होती आणि इथे तो बसलेलाच असतो. पहिल्याच मिनिटाला काहीतरी द्यावं लागतं. तुमचे पाच बॉल इथे कामाला येतील. आणि न बोलता करता येईल असे आठ मिनिटांचे काहीतरी बसवून ठेवा. अमेरिकन विनोदी नट डब्ल्यू. सी. फील्ड्स पुढे बोलण्यासाठी प्रसिद्ध झाला, पण सुरुवातीला तो मंचावर अवाक्षर न काढणारा जगलर होता आणि त्यामुळे भाषेची अडचण न येता देशोदेशी फिरला. मी बोलका खेळ करते तेव्हा त्या भाषेतली वीसेक वाक्यं पाठ करून जाते. चुकीचे उच्चार लोकांना आवडतात, जरा मुद्दाम चुकावे लागले तरी.

काम घेताना छताची उंची मीटरमध्ये विचारा. एकचाकीवर डोकं अडीच मीटरच्या पुढे जातं, त्यावर फेक, म्हणजे साडेचार तरी हवेत. एका लग्नाच्या दालनात आयोजकाने मला 'छत खूप उंच आहे हो' असं सांगितलं होतं. खरंच उंच होतं. ठीक मध्यावर मात्र झुंबर टांगलेलं होतं, आणि ते बोलायला विसरले होते. निम्मे पैसे आगाऊ घ्या, आणि उघड्यावरचं काम असेल तर पाऊस पडल्यास काय, हे लिहून घ्या.

हायरोनिमस बॉश या चित्रकाराच्या नावाने ओळखलं जाणारं एक जुनं चित्र आहे. टेबलामागे वाट्या-गोळ्यांचा जादूगार, समोर वाकून बघणारा एक माणूस, आणि त्याच्या मागे दुसरा शांतपणे त्याची थैली काढतोय. घोळका तुम्ही जमवलात की त्यात तोही येतो. खेळाच्या मध्ये एकदा हसत हसत खिसे सांभाळायला सांगा, लोक त्याबद्दल आभार मानतात. आपली पेटी नजरेच्या टप्प्यात ठेवा, आणि दिवसाची टोपी मोजायची असेल तर खोलीवर गेल्यावर मोजा.

आता येत्या दोन रविवारी काय करायचं ते. पहिल्या रविवारी काही न घेता जा. कोणाचाही खेळ तीनदा बघा, तोच माणूस, तोच खेळ. पहिल्या वेळी खेळाकडे बघाल, दुसऱ्या वेळी लोकांकडे बघा, तिसऱ्या वेळी टोपीचं भाषण सुरू झाल्यापासून किती जण निघून जातात ते मोजा. आणि प्रत्येक वेळी टोपीत टाका, फुकट शिकवणी घेऊ नका. दुसऱ्या रविवारी फक्त तीन बॉल आणि दोरी घेऊन उभे राहा. घोळका जमला नाही तरी दोन तास उभे राहा. दोरी सुती घ्या, नायलॉनची फरशीवर सरकते. १३ मीटर पुरेल, चार मीटरच्या रिंगणाची पुढची अर्धी बाजू तेवढ्यात होते.